दुसऱ्या ताऱ्याभोवतीचा पृथ्वीएवढा ग्रह दुर्बिणीतून दिसतच नाही, मग तो आहे असं छातीठोकपणे कसं सांगतात? नुसता अंदाज असतो का?

अंदाज नाही, मोजमाप असतं. हाच प्रश्न मला एकदा भर कार्यक्रमात विचारला गेला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमच्या आकाशनिरीक्षणाच्या ग्रुपमध्ये मी केप्लर या नासाच्या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीवर बोलत होतो. ग्रह ताऱ्याच्या समोरून गेला की ताऱ्याचा प्रकाश कमी होतो हे तुम्हाला माहीत असेलच. मी केप्लर-20 या ताऱ्याच्या प्रकाशाचे आलेख लावले, त्याभोवती डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झालेले दोन ग्रह, एक पृथ्वीपेक्षा लहान, दुसरा जवळजवळ तेवढाच, सूर्यासारख्या ताऱ्याभोवती असे पहिल्यांदाच सापडलेले. तेवढ्यात एक सिनियर सर उठून म्हणाले, "फोटो दाखव, ही तर रेघ आहे, नॉइज कशावरून नाही?" म्हणजे मोजमापातली उगाचची गडबड. लोक हसले आणि मी उत्तर देईपर्यंत माईक पुढच्या वक्त्याकडे गेला पण.

तेव्हाचं राहिलेलं उत्तर असं. लांबून सूर्याकडे पाहिलं तर पृथ्वी आडवी गेल्यावर प्रकाश दहा लाखात फक्त 84 भाग कमी होतो, तोही वर्षातून एकदा, फार तर 13 तास. जमिनीवरून हवेमुळेच तारा त्याहून जास्त लुकलुकतो, वर दिवस उजाडला की निरीक्षण बंद, म्हणून अवकाशातली जेमतेम एक मीटरची दुर्बीण इथे भारी पडते. केप्लर चार वर्षं दीड लाखाच्या आसपास ताऱ्यांकडे एकटक बघत होती. तेवढीच घट, तेवढाच वेळ, तेवढ्याच अंतराने पुन्हा पुन्हा, असा नॉइज नसतो हो! केप्लर मोहिमेचे प्रमुख शास्त्रज्ञ विल्यम बोरुकींनाही हीच शंका ऐकवली गेली, नासाने प्रस्ताव चार वेळा नाकारला, मग त्यांच्या टीमने लॅबमध्ये कृत्रिम तारे लावून इतकी बारीक घट पकडून दाखवली, तेव्हा कुठे 2001 मध्ये मंजुरी आणि 2009 मध्ये उड्डाण.

आणि ते सर स्वतः वर्षानुवर्षं मुलांना अल्गॉल शिकवतात, जोडीदार आडवा येतो म्हणून दर 2 दिवस 21 तासांनी मंदावणारा तारा. गुडरिक या इंग्रज निरीक्षकाने ते 1783 मध्ये फोटोशिवायच सुचवलं होतं. तिथे चालतं, मग इथे का नाही? जो फोटोच मागतो त्याच्याशी वाद घालू नका, त्याला आकडे द्या आणि कुठला आकडा चुकलाय ते विचारा.

हां, एक आहे, शंका घेणं चूक नाही. मागे एकमेकांना झाकणारे जोडतारे असले तरी अशीच घट दिसते, म्हणून तपासणी होईपर्यंत त्याला उमेदवारच म्हणतात. शिवाय यातून फक्त आकार कळतो, वस्तुमान, हवा, पाणी काही नाही. केप्लर-186एफ हा ग्रह आकाराने पृथ्वीच्या जवळ आहे पण त्याचा तारा लाल बटू, म्हणजे सूर्याहून लहान आणि थंड. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती वर्षभरात फिरणारी हुबेहूब पृथ्वी केप्लरला पक्की मिळाली नाही, ताऱ्यांचा स्वतःचा प्रकाशच अपेक्षेपेक्षा जास्त चंचल निघाला आणि 2013 मध्ये दुर्बीण ताऱ्यांकडे रोखून धरणारं दुसरं रिअ‍ॅक्शन व्हील गेलं.

केप्लरचा डेटा फुकट आहे, स्वतः उघडून बघा. आधी गुरूएवढ्या ग्रहाची एक टक्क्याची घट शोधा, नजर बसली की मग लहानांकडे वळा.