निपाणीहून रोज दुचाकीने बेळगावला जातो. लेन्स महिन्याच्या घेऊ की रोजच्या? चष्मा सोडायचाय, पण भावाचे डोळे लेन्सने लाल होतात.

रोजच्या घ्या, एकदा वापरून टाकायच्या. हायवेची धूळ आणि हंगामात तंबाखूची भुकटी महिन्याच्या लेन्सवर साचत जाते. खर्च जास्त आहे खरा. मग रविवारी चष्मा लावा की! हेल्मेट मात्र पुढे काच असलेलं हवं.

चष्म्याचा नंबर सांगून लेन्स मागवू नका. कॉर्नियाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची, गोलाई मोजावी लागते, आणि चारच्या पुढचा नंबर असेल तर लेन्सचा नंबर वेगळा येतो.

खरी भीती पाण्याची. नळाचं, बोअरचं, फिल्टरचंसुद्धा पाणी लेन्सला लागू देऊ नका. पाण्यातला अकॅन्थअमिबा नावाचा सूक्ष्म जीव कॉर्नियात शिरला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. खानापूरला मलप्रभेत उतरायचं असेल तर लेन्स आधी काढा. लेन्स घालून झोपणंही नको, दुपारची डुलकीसुद्धा.

भावाची लाली लेन्स काढल्यावर तासाभरात ओसरत असेल तर बहुधा कोरडेपणा आहे. पण डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय, तर लेन्स काढून त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, लेन्स आणि डबीही सोबत न्या. मेडिकलवाल्याने दिलेले स्टेरॉइडचे थेंब अजिबात घालू नका. जंतुसंसर्ग असेल तर तो त्याने बळावतो.