बूट डिस्क वेगळी, बॅकअप वेगळा

प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत हरभट रोडवर वडिलांचं झेरॉक्स-डीटीपीचं दुकान. एक जुना असेंबल्ड डेस्कटॉप, विंडोज १०, ५०० जीबीची हार्डडिस्क. त्यात मराठी टायपिंगची श्रीलिपी, हिशेबाची टॅली, डिझाइनचं कोरल आणि वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिकांची फोल्डरं. पावसाळ्याआधी "बूट होणारी सीडी बनवून तिच्यात अख्खा कॉम्प्युटर ठेवायचा, उद्या काही झालं तर सीडी घालून होता तसा परत आणायचा" असं मनात आहे, आणि त्यासाठी कोऱ्या डीव्हीडींचा डबासुद्धा आणून ठेवलाय.

विचार बरोबर आहे. डबा मात्र फुकट गेला.

तुम्ही दोन वेगळ्या वस्तू एक समजताय. बूट डिस्क म्हणजे विंडोज उठत नसताना मशीन चालू करून देणारी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिच्यासोबत हार्डडिस्क उतरवून घेणारं सॉफ्टवेअर. ही सीडी, डीव्हीडी, पेन ड्राइव्ह, कशावरही बसते. दुसरी वस्तू म्हणजे इमेज, तुमच्या हार्डडिस्कचा बूट सेक्टरपासून शेवटच्या फाइलपर्यंतचा पूर्ण उतारा. ती अवाढव्य असते. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं. तुमचा भरलेला भाग दाबून १०० जीबीवर आला तरी वीस-बावीस डीव्हीडी लागतील, आणि त्यातली मधलीच एक वाचली गेली नाही की पुढचं सगळं अडलं. स्वस्तातल्या डीव्हीडी आपल्याकडच्या दमट हवेत किती टिकतात हे जुने लग्नाचे अल्बम घेऊन येणारं गिऱ्हाईक तुम्हाला सांगेलच. तेव्हा बूट डिस्कसाठी ८ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह आणि इमेजसाठी एक एक्स्टर्नल हार्डडिस्क घ्या.

"महत्त्वाच्या फाइली कॉपी करून ठेवल्या की झालं" असं खाली एकाने सुचवलंय. गिऱ्हाइकांच्या फाइलींपुरतं ते ठीक आहे. पण फाइल कॉपी म्हणजे पुस्तकातली हवी ती पानं झेरॉक्स काढणं, आणि इमेज म्हणजे पुठ्ठ्या-शिलाईसकट अख्खं पुस्तक. तुमची खरी अडचण पत्रिकांची नाही. श्रीलिपीची सीडी कुठे आहे माहीत नाही, प्लॉटरचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून गेला, कोरलमध्ये बसवलेले शेकडो फाँट, अशा गोष्टी पुन्हा जमवायला आठवडा जातो आणि तेवढे दिवस दुकान बंद. त्यासाठी इमेजच हवी.

सॉफ्टवेअर कोणतं? "घोस्ट मारून देतो" म्हणणारे हार्डवेअरवाले अजून भेटतील, पण नॉर्टन घोस्ट २०१३ सालीच बंद झालं. मॅक्रिअम रिफ्लेक्टची फुकट आवृत्तीही आता मिळत नाही. विंडोजमध्येच "बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)" नावाची जी सोय आहे, तिच्यावर मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून काम थांबवलंय, त्यामुळे मी ती कुणाला सुचवत नाही. आणि विंडोज जो "रिकव्हरी ड्राइव्ह" बनवून देतं त्यावर बऱ्याच जणांचा उगाच विश्वास असतो. त्यातून नवं कोरं विंडोज येतं. तुमची टॅली आणि श्रीलिपी त्यात नसतात.

मी स्वतः क्लोनझिला वापरतो. फुकट आहे, भक्कम आहे, पण निळ्या पडद्यावरचे मेनू बघून नवा माणूस घाबरतो. तुम्ही रेस्क्यूझिला घ्या. आतून काम तसंच चालतं, दोघांच्या इमेज एकमेकांत चालतात, आणि हिला माऊस चालतो. दोन्ही लिनक्सवर चालतात, विंडोजला हात न लावता डिस्क उतरवतात, आणि फक्त भरलेला भाग घेतात. मोकळी जागा कॉपी करत बसत नाहीत.

रेस्क्यूझिलाच्या साइटवरून आयएसओ फाइल (अख्खी बूट डिस्क एकाच फाइलीत बांधलेली) उतरवा. मग रुफस नावाचं छोटं सॉफ्टवेअर उघडून पेन ड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, पार्टिशन स्कीम एमबीआर ठेवा आणि स्टार्ट दाबा. पेन ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून त्यात कुणाचा बायोडाटा नाही ना ते आधी बघा. डीव्हीडीवरच करायचं असेल तर तेही होतं, आणलेल्या डब्यातली एक तरी कामाला येईल. फक्त आयएसओ फाइल डीव्हीडीवर ओढून टाकू नका, तशी डिस्क कधीच बूट होत नाही. फाइलवर राइट क्लिक करून "बर्न डिस्क इमेज" निवडा, आणि खाली पडताळणीच्या चौकोनात टिक करा. रस्त्यावर "सगळं असलेला बूटेबल पेन ड्राइव्ह" मिळतो, तो घेऊ नका. त्यात काय काय भरलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

इमेज काढण्याआधी घरातला कचरा काढा. तुमच्या धंद्यात हे जास्त महत्त्वाचं आहे. डाउनलोड्समध्ये आणि डेस्कटॉपवर लोकांची आधार, पॅन, सातबारा, बँक पासबुकं साठलेली असतात. आज इमेज काढली की ती सगळी कागदपत्रं त्या एक्स्टर्नल डिस्कमध्ये कायमची गेली, आणि ती डिस्क हरवली की लोकांची ओळखपत्रं बाहेर. काम झालं की पुसायची सवय असती तर इमेजही लहान झाली असती. असो.

मग हार्डडिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. "कॉशन" (सावधान) दिसलं तर इमेजच्या आधी पत्रिकांची आणि टॅलीच्या डेटाची साधी कॉपी करून घ्या, कारण मरणाऱ्या डिस्कला पहिल्यांदा तेवढंच काम सांगावं. नंतर शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. विंडोज १० नेहमीच्या शट डाउनमध्ये अर्धवट झोपतं. त्या अवस्थेत रेस्क्यूझिला डिस्क नीट वाचायला नकार देते, आणि लोक समजतात सॉफ्टवेअर खराब. बिटलॉकर (डिस्कला लावलेलं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर तोही आधी पूर्ण काढावा लागतो, पण तुमच्या जुन्या डेस्कटॉपवर तो नसणार.

आता पेन ड्राइव्ह आणि एक्स्टर्नल डिस्क लावून मशीन चालू करा आणि बूट मेनूचं (मशीन कोणत्या डिस्कवरून उठवायचं ते विचारणाऱ्या यादीचं) बटण मारत राहा. गिगाबाइटच्या बोर्डावर एफ१२, एमएसआयवर एफ११, आसुसच्या बोर्डावर एफ८. रेस्क्यूझिला उघडली की बॅकअप निवडा, मग आतली डिस्क, मग सगळी पार्टिशन्स, मग इमेज ठेवायची जागा. इथे डिस्कची नावं एसडीए, एसडीबी अशी दिसतात. नावावर जाऊ नका, आकार आणि मॉडेल वाचा. एक्स्टर्नल डिस्क मागच्या निळ्या यूएसबी पोर्टात लावा. पुढच्या जुन्या पोर्टात १०० जीबीला तासभर सहज लागतो. इमेजला तारीख घातलेलं नाव द्या. तयार झालं की ते एक फोल्डर असतं, आत बऱ्याच फाइली. त्यातली एकही वेगळी काढू नका, नाव बदलू नका. शेवटी व्हेरिफाय इमेज चालवा. यूपीएसवरच करा, पावसाळ्यात सांगलीत वीज कधी जाईल ते महावितरणलाही सांगता येत नाही.

इथे बहुतेक लोक थांबतात. माझं म्हणणं असं की खरं काम इथून सुरू होतं, कारण रिस्टोअर करून, म्हणजे परत डिस्कवर टाकून, न बघितलेली इमेज उघडेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. आणि चालू असलेल्या एकमेव हार्डडिस्कवर प्रयोग करायची हिंमत कुणी करत नाही, करूही नये. यावर सोपा उपाय आहे. तुमची डिस्क जुनी झालीये, एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आज ना उद्या घालायचीच आहे, तर आत्ताच घ्या आणि इमेज तिच्यावर रिस्टोअर करा. चाचणीही झाली आणि मशीनही पळायला लागलं.

एसएसडी घेताना आकडा नीट वाचा. दुकानदार ४८० जीबीची पुढे करेल. तुमची हार्डडिस्क ५०० ची आहे, आणि रेस्क्यूझिला मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्कवर रिस्टोअर करत नाही, आत कितीही जागा मोकळी असली तरी. ५१२ ची घ्या. रिस्टोअर करताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. रिस्टोअर समोरची डिस्क पूर्ण पुसतं, आणि चुकीची डिस्क निवडली तर परतीचा रस्ता नाही. केबलच नसेल तर चुकायचा प्रश्नच नाही. नंतर पहिल्यांदा विंडोज उठेल तेव्हाही दोन्ही डिस्क एकत्र लावू नका. दोघींची ओळख-सही एकच असते आणि विंडोज त्यातल्या एकीला बाजूला टाकतं.

विंडोज उठलं म्हणून खूश होऊ नका. श्रीलिपीत एक ओळ टाइप करा, कोरलमधली जुनी पत्रिका उघडा, प्लॉटरवर एक कागद काढा, टॅलीत कंपनी उघडा. टॅलीचं लायसन्स पुन्हा अ‍ॅक्टिव्हेट करायला लागू शकतं, म्हणून सीरियल नंबर आणि ज्या ई-मेलवर ते घेतलंय त्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. सगळं चाललं की जुनी हार्डडिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत घालून, तारीख लिहून ठेवून द्या. दुसरी प्रत फुकटात मिळाली.

एक मर्यादा आधीच सांगतो. ही इमेज त्याच मदरबोर्डवर हमखास चालेल. अख्खं मशीनच बुडालं आणि नवं घेतलं, तर चालेलच असं नाही. जुनं विंडोज बहुधा लेगसी (जुन्या बायोसच्या) पद्धतीने टाकलेलं असेल आणि नव्या बऱ्याच मशीनना फक्त यूईएफआय ही नवी पद्धत कळते. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये "बायोस मोड" या ओळीत काय आहे ते बघून ठेवा. अशा वेळी रेस्क्यूझिलाच्या इमेज एक्सप्लोररमधून फाइली बाहेर काढता येतात, पण सॉफ्टवेअर नव्याने टाकावी लागतात. म्हणून इमेजसोबत श्रीलिपीचा सेटअप मिळतोय का ते शोधा, आणि डाँगल (यूएसबीत लावायची लायसन्सची किल्ली) जपा. इमेजमध्ये डाँगल येत नाही. ते गेलं की इमेज असूनही श्रीलिपी उघडणार नाही.

आता ठेवायचं कुठे. हरभट रोडवर राहणाऱ्याला हे सांगायला नको, तरी सांगतो. २००५ च्या महापुराची पाण्याची खूण बघून ज्यांनी सामान तिच्या वर ठेवलं होतं, त्यांचंही २०१९ ला भिजलं, कारण कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेली बॅकअप डिस्क मशीनसोबतच बुडते. एक्स्टर्नल डिस्क आणि बूट पेन ड्राइव्ह मिरजेला किंवा कुपवाडला कुणा नातेवाइकाकडे वरच्या मजल्यावर राहू द्या. पुलाजवळ ४० फुटांचा इशारा लागला की डाँगल आणि टॅलीचा ताजा डेटा खिशात घालून निघायचं, ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघायची नाही.

इमेज रोज काढायची गरज नाही. नवं सॉफ्टवेअर टाकलं, प्रिंटर बदलला, किंवा दोन-तीन महिने झाले की एकदा. टॅलीचा डेटा आणि चालू कामं मात्र रोज दुकान बंद करताना वेगळ्या पेन ड्राइव्हवर. विंडोज १० चे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, त्यामुळे पुढे कधी विंडोज ११ करून बघायचं झालं तर त्या दिवशी सकाळी एक ताजी इमेज काढा. जमलं नाही तर दुपारी परत विंडोज १० वर.

बूट मेनूत पेन ड्राइव्ह दिसला नाही, किंवा रेस्क्यूझिलाला आतली डिस्कच सापडली नाही, तर मदरबोर्डचं मॉडेल आणि बायोसमध्ये साटा मोडपुढे (मशीन आतल्या डिस्कशी कसं बोलतं त्या सेटिंगपुढे) काय लिहिलंय ते इथे टाका. तिथे रेड असेल तर परस्पर एएचसीआय करू नका, विंडोज उठायचं थांबेल. आधी विचारा.