जनरेटर रिकामा चालतो, पण लोड घेत नाही: आधी हर्ट्झ पाहा

तुमचा डिझेल जनरेटर दर आठवड्याला दहा मिनिटे बिनतक्रार चालतो, पण वीज खरोखर गेली आणि घराचा लोड पडला की काही मिनिटांतच व्होल्टेज खाली येते, दिवे मंदावतात आणि इंजिन दम लागल्यासारखे बंद पडते. सर्व्हिसवाले मात्र ‘संचात दोष नाही, तुमचाच लोड जास्त आहे’ असे सांगून तक्रार बंद करतात, असे तुम्ही लिहिले आहे. आमच्या घरच्या संचाने पूर्वी नेमके हेच केले होते, म्हणून सविस्तर उत्तर देत आहे. ऑइलची पातळी, एअर फिल्टर आणि कूलंट तुम्ही पाहत असालच, असे गृहीत धरले आहे. मी व्यवसायाने तंत्रज्ञ नाही आणि तुमचा संच मी पाहिलेला नाही. त्यामुळे पुढचा मजकूर कुठे शोधावे याची दिशा म्हणून वाचावा, निदान म्हणून नव्हे.

व्होल्टेज पडले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्याच क्षणी फ्रिक्वेन्सी, म्हणजे हर्ट्झ, किती होती, हे कळल्याशिवाय दोष इंजिनात आहे की अल्टरनेटरमध्ये (इंजिन फिरवते तो वीज तयार करणारा भाग), हे सांगता येत नाही. फ्रिक्वेन्सी ही थेट इंजिनाच्या वेगाशी बांधलेली असते: चार ध्रुवांचा अल्टरनेटर 50 हर्ट्झसाठी मिनिटाला 1500 फेरे आणि दोन ध्रुवांचा 3000 फेरे घेतो, जिथे पुरवठा 60 हर्ट्झचा असतो तिथे हेच आकडे 1800 आणि 3600 होतात. साधा यांत्रिक गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) असलेला संच रिकामा असताना साधारण 52 हर्ट्झच्या आसपास ठेवलेला असतो आणि लोड वाढत जाईल तसा तो 50 कडे उतरतो. एवढी घसरण स्वाभाविक आहे. पण काटा 48, 47 असा खाली जाऊ लागला, तर इंजिनाला लोड ओढवत नाही असे समजावे.

आता गोंधळ कुठे होतो ते पाहा. बहुतेक एव्हीआरमध्ये (अल्टरनेटरचे व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणारा भाग) अशी योजना असते की, फ्रिक्वेन्सी ठरावीक मर्यादेखाली गेली की ते स्वतःहून व्होल्टेजही उतरवतात, म्हणजे इंजिनावरचा भार हलका होतो आणि कमी वेगात अल्टरनेटरची वाइंडिंग तापत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र फक्त व्होल्टेज पडलेले दिसते आणि बोट एव्हीआरकडे जाते. म्हणून हर्ट्झ स्थिर राहून व्होल्ट पडत असतील तर एव्हीआर, ब्रश आणि जोडण्या तपासाव्यात. दोन्ही एकत्र पडत असतील तर इंधन, हवा, गव्हर्नर किंवा खरोखरीचा जादा लोड यांपैकी काहीतरी आहे. फ्रिक्वेन्सी दाखवणारा साधा मल्टिमीटर त्यासाठी पुरेसा आहे.

आमच्याकडे हे कुणी पाहिलेच नाही, आणि सर्वांत जास्त पैसा व मनस्ताप इथेच खर्च झाला. सर्व्हिस सेंटरचा माणूस यायचा, सेल्फ मारायचा, पॅनेलवर व्होल्टेज बरोबर दिसते आहे हे दाखवायचा आणि कागदावर सही मागायचा. लोड टाकून दाखवा म्हटले की ‘ते आमच्या कामात येत नाही’ हे उत्तर ठरलेले. माणूस येऊन गेला की तिकडे त्यांच्या नोंदीत तक्रार निकाली निघायची, आणि पुन्हा फोन केला की नवा क्रमांक, नवा माणूस आणि पहिल्यापासून तीच कहाणी. मग एव्हीआर बदलला गेला. नवा एव्हीआरही तसाच वागला, आणि तो तसाच वागायला हवा होता, कारण तो आपले काम चोख करत होता. त्यानंतर ‘लोड जास्त आहे’ हा निकाल आला, तोही क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून करंट मोजणारे मीटर) लावून एकदाही करंट न मोजता. त्या सेंटरचे नाव मी लिहिणार नाही. त्यांच्या छापील सर्व्हिस कागदावर ऑइल, फिल्टर, कूलंट असे सगळे रकाने होते, फक्त लोड आणि हर्ट्झ यांना जागा नव्हती, एवढेच सांगणे पुरेसे आहे.

दोष शेवटी एका बाहेरच्या मेकॅनिकने शोधला. त्याने टाकीकडून येणारी नळी काढली, इंजिनाला स्वच्छ डिझेलच्या वेगळ्या कॅनमधून इंधन दिले, परतीची नळीही त्याच कॅनमध्ये सोडली, सिस्टिममधली एअर काढली आणि घराचा तोच लोड टाकला. इंजिनाचा आवाज जड झाला, पण हर्ट्झ जागचे हलले नाहीत. मग त्याने टाकीतला सक्शन पाइप वर ओढला. त्याच्या टोकाला अंगठ्याएवढी तारेची जाळी होती आणि तिच्यावर काळपट तपकिरी, बुळबुळीत थर असा चढला होता की जाळीची छिद्रे दिसतच नव्हती. बोटाने घासल्यावर थर लोंबत निघाला आणि त्याला कुजका वास येत होता. अर्धी रिकामी टाकी महिनोन्महिने उभी राहिली की आतल्या हवेतील दमट बाष्प थंड होऊन पाणी तळाशी साचते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढतात. डिझेलमध्ये बायोडिझेल मिसळलेले असेल तर ते पाणी अधिक धरून ठेवते. रिकाम्या इंजिनाला पूर्ण लोडच्या मानाने फारच थोडे डिझेल लागते, आणि तेवढे त्या बुजलेल्या जाळीतूनही झिरपत होते. लोड पडला की मागणी वाढायची आणि इंजिन उपाशी राहायचे. फिल्टर वेळच्या वेळी बदलला जात होता, पण जाळी फिल्टरच्याही आधी असल्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. उलट काढलेला प्रत्येक फिल्टर नव्यासारखा स्वच्छ निघत होता, आणि घाण फिल्टरपर्यंत पोहोचण्याआधीच अडते आहे याची ती खूणच होती.

तुमच्याकडे हेच असेल असे मी म्हणत नाही. लोड जास्त आहे का, हे आधी क्लॅम्प मीटरने प्रत्यक्ष मोजून निकालात काढा. मोजताना फ्रिजचा कम्प्रेसर आणि पंप सुरू होतानाचा करंट चालू स्थितीच्या पाच ते सातपट असू शकतो, हे लक्षात ठेवा. मग टाकीचे झाकण पाहा. झाकणातील हवेचे छिद्र बुजले तर टाकीत निर्वात तयार होऊन अगदी हेच लक्षण दिसते, आणि इंजिन दमू लागताच झाकण सैल केल्यावर ते सावरले तर उत्तर फुकटात मिळते. त्यानंतर कॅनची चाचणी, तीही जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावी. पेट्रोलच्या संचावर उघड्या कॅनचा असा प्रयोग मुळीच करू नये.

आठवड्याला दहा मिनिटे रिकामा चालवण्याच्या सवयीबद्दल माझे मत थोडे कडवट आहे, ते कुणाला पटणार नाही. डिझेल संचाच्या बाबतीत ती सवय घातकच आहे असे मी मानतो. इंजिन पुरेसे तापत नाही, न जळलेले इंधन आणि काजळी एक्झॉस्टमध्ये साठत जाते, आणि सायलेन्सरच्या जोडातून काळे तेलकट ओघळ येऊ लागतात. याला वेट स्टॅकिंग म्हणतात. अमेरिकेतील एनएफपीए या अग्निसुरक्षा संघटनेचे 110 क्रमांकाचे मानक आपत्कालीन डिझेल संच महिन्यातून एकदा, किमान 30 मिनिटे, क्षमतेच्या किमान 30 टक्के लोडवर किंवा निर्मात्याने सांगितलेले एक्झॉस्टचे तापमान गाठेल असा चालवायला सांगते. घरगुती संचाला ते बंधनकारक नसले तरी त्यामागचे कारण घरातही तेच आहे. तुमचा संच 10 केव्हीएचा आणि 0.8 पॉवर फॅक्टरचा असेल तर तो 8 किलोवॉटचा झाला, आणि 30 टक्के म्हणजे 2.4 किलोवॉट, पाणी तापवणारा एक हीटर आणि वर थोडे दिवे यांत हे भागते. स्वयंचलित संचात निर्मात्याने चाचणीचा वेगळा क्रम ठरवून दिला असेल, तर अर्थातच त्याची पुस्तिका माझ्या मतापेक्षा वरचढ आहे.

चाचणी घेताना मेन स्विच खरोखर बंद करून, चेंजओव्हरमधून (घर मेन लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच), घराचाच लोड द्यावा, म्हणजे चेंजओव्हरचे संपर्कही तपासले जातात. जनरेटरची वायर घरातल्या सॉकेटमध्ये खोचून घर चालवणारे लोक मी पाहिले आहेत. तसे केल्यास वीज उलटी बाहेरच्या तारांवर जाते आणि तिथे काम करणाऱ्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे ‘दार उघडे ठेवले आहे’ हे उत्तर त्याला चालत नाही. संच बाहेर, दारे-खिडक्यांपासून दूर असावा. चाचणी संपल्यावर लोड काढून इंजिन तीन ते पाच मिनिटे रिकामे चालू द्यावे आणि मगच बंद करावे.

बॅटरीचे थोडक्यात: विश्रांतीत 12.6 व्होल्ट दाखवणारी बॅटरीही सेल्फ मारताना कोसळू शकते, म्हणून सेल्फ फिरत असतानाचे व्होल्टेज पाहा. ते साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरीचे दिवस भरले आहेत, किंवा टर्मिनल सैल वा गंजलेले आहेत.

पुढच्या भेटीत सर्व्हिसवाल्याकडून रिकाम्या स्थितीतले, एक तृतीयांश लोडवरचे आणि दोन तृतीयांश लोडवरचे व्होल्ट, हर्ट्झ आणि करंट त्यांच्याच कागदावर लिहून घ्या, प्रत्येक लोडवर संच किमान दहा मिनिटे चालवून. रकाना नसेल तर कागदाच्या मागच्या बाजूला लिहायला लावा. हे करायला तो नकार देत असेल तर ‘ग्राहकाने लोड चाचणी मागितली, दिली नाही’ असे स्वतःच्या हाताने लिहून त्याखाली सही करा आणि कागदाचा फोटो काढून ठेवा. तीन लोडचे आकडे हाती आले की ते इथे टाका. हर्ट्झ पडत असतील तर टाकीतील जाळी न मोडता कशी काढावी, ते मी लिहीन.