आठ वर्षांतली दोन तिची, सहा त्याची

तुमच्या प्रश्नाचं सार मी असं समजते. रीजन्सी काळातली, बरंच सोसून झाल्यावर जुळलेल्या प्रेमाची कादंबरी तुम्हाला हवी होती. मैत्रिणीने जेन ऑस्टिनची 'पर्सुएशन' हातात दिली आणि सातव्या प्रकरणात तुम्ही ती मिटून ठेवलीत. एक तर काही घडत नाही. दुसरं, नायिका ॲन एलियट तुम्हाला लेचीपेची वाटली. एकोणिसाव्या वर्षी मनापासून आवडलेल्या तरुणाला होकार द्यायचा, आईच्या मैत्रिणीने समजावलं की शब्द फिरवायचा आणि मग आठ वर्षं कुढत काढायची. अशा मुलीची कीव येते, तिच्यावर जीव जडत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

विसाव्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयातून आणून ती वाचली तेव्हा माझंही हेच मत झालं होतं. चाळिशीत पुन्हा वाचली आणि रात्री दीडपर्यंत दिवा मालवता आला नाही. मधल्या काळात मी घर चालवलं होतं, एक मोठं कर्ज फेडलं होतं, आणि घरातल्या एका मुलीला "मुलाची नोकरी पक्की होऊ दे, मग बघू" असं मी स्वतः सांगितलं होतं. ते लग्न पुढे झालं नाही. त्यामुळे लेडी रसेल, म्हणजे आईची ती मैत्रीण, ॲनला समजावते ते पान या वेळी मला फार जवळून ऐकू आलं.

आधी काळाबद्दल दोन शब्द. राजा तिसरा जॉर्ज आजारपणामुळे राज्य करण्याच्या स्थितीत उरला नाही म्हणून युवराजाने 1811 ते 1820 रीजंट म्हणून कारभार पाहिला. ती नऊ वर्षं म्हणजे रीजन्सी. ड्यूक, नाच, बग्ग्या यांनी गजबजलेल्या ज्या प्रणयकथा तुम्ही आधी वाचल्यात, त्या बहुतेक शंभर-सव्वाशे किंवा त्याहून जास्त वर्षांनी मागे वळून लिहिलेल्या आहेत. ही मात्र त्या काळाच्या पोटातून आली. ऑस्टिनने ती ऑगस्ट 1815 ते ऑगस्ट 1816 या वर्षभरात लिहिली. जुलै 1817 मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती गेली आणि पुस्तक त्याच डिसेंबरात लंडनमध्ये निघालं, मुखपृष्ठावर 1818 साल घालून. आपल्याकडे त्याच्या महिनाभर आधी खडकीची लढाई होऊन शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं होतं. कादंबरीत नायकाची बहीण मिसेस क्रॉफ्ट, नवऱ्याबरोबर जहाजावर राहिलेली धीट बाई, आपण एकदा ईस्ट इंडीजला जाऊन आल्याचं सहज बोलून जाते. आपला मुलूख त्या दोन शब्दांत कुठेतरी आहे, हे मला प्रत्येक वेळी जाणवतं.

आता ॲनचा निर्णय. तो समजायचा तर पैशापासून सुरुवात करावी लागते.

1806 साल. फ्रेडरिक वेंटवर्थ तेवीस वर्षांचा आहे, सेंट डोमिंगोच्या लढाईनंतर नुकताच कमांडर झालाय, पण हातात जहाज नाही. त्या आरमारात जहाज नसलेल्या अधिकाऱ्याला अर्धा पगार मिळे. आजवर जे मिळवलं ते त्याने मोकळ्या हाताने उडवलंय. घराणं नाही, शब्द टाकणारं कुणी वर नाही. आहे तो नुसता आत्मविश्वास. ॲनचे वडील सर वॉल्टर सॉमरसेटमधल्या केलिंच हॉलचे बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेने 'सर' किताब मिळालेले, पण कर्जाकडे वाहवत चाललेले. तिन्ही मुलीच. त्यामुळे वाडा आणि जमीन जाणार दूरच्या पुतण्याकडे. ॲनच्या नावे पुढेमागे दहा हजार पौंडांतला वाटा यायचाय, त्यातला थोडासाच भाग वडील देऊ शकतात, हे कादंबरी शेवटी स्पष्ट सांगते. शिवाय त्या काळच्या इंग्रजी कायद्यात लग्न झालं की बायकोचा रोख पैसा नवऱ्याचा होई. विवाहित बाईच्या मालमत्तेचे कायदे आले ते 1870 आणि 1882 मध्ये. म्हणजे दर्यावर्दी नवरा बुडाला, की मागे राहिलेल्या बाईपाशी मोजकं पेन्शन आणि लेकरं.

लेडी रसेल हे सगळं बघते. ॲनची आई ती चौदा वर्षांची असताना वारलेली, वडील आणि थोरली बहीण स्वतःच्या रूपात आणि किताबात दंग. आईची जागा घेणारी हीच एक बाई. तिचं बोलणं टाळणं ॲनला जमत नाही आणि त्यात दुबळेपणापेक्षा विश्वास जास्त आहे. आणखी एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली असावी. आपण बाजूला झालो तर त्याच्या भल्याचंच होईल, असं ॲनला पटवलं गेलं होतं. स्वतःच्या सुखासाठी तिने शब्द फिरवलाच नसता.

लेडी रसेलची भीती पोकळ होती का, याचं उत्तर तुम्ही पुस्तक ठेवलंत त्याच्या पुढच्याच प्रकरणात आहे. मस्ग्रोव्ह कुटुंबाच्या, म्हणजे ॲनच्या धाकट्या बहिणीच्या सासरच्या, जेवणाला वेंटवर्थ आपल्या पहिल्या जहाजाची, 'ॲस्प'ची, गोष्ट रंगवून सांगतो. जुनंपुराणं, मोडकळीला आलेलं जहाज. प्लिमथच्या बंदरात शिरतो न शिरतो तोच चार दिवस चार रात्री वादळ घोंगावलं. एक दिवस उशीर झाला असता तर वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात चार ओळी आल्या असत्या, इतकंच, असं तो हसत म्हणतो. टेबलाभोवतीच्या पोरी चित्कारतात. ॲनही शहारते, पण आतल्या आत, कारण तिला शहारण्याचा अधिकार उरलेला नाही. आठ वर्षांपूर्वी त्याचीच होऊ शकली असती अशी बाई, आणि आज त्याच्या मरणाची गोष्ट ऐकून तिने चेहराही बदलायचा नाही. काही घडत नाही असं म्हणालात ना? हा प्रसंग फक्त तेवढ्यासाठी पुन्हा वाचा.

ऑस्टिनला ही भीती घरातून माहीत होती. तिचे दोन भाऊ, फ्रान्सिस आणि चार्ल्स, आरमारात होते. फ्रान्सिस तर सेंट डोमिंगोच्या त्या लढाईत प्रत्यक्ष होता. थोरल्या बहिणीचं, कॅसँड्राचं, टॉम फाउल नावाच्या तरुण पाद्र्याशी लग्न ठरलं होतं. हाताशी पैसे नव्हते म्हणून ते थांबले. तो वेस्ट इंडीजला गेला आणि 1797 मध्ये पिवळ्या तापाने तिकडेच वारला. कॅसँड्राने पुन्हा लग्नाचा विचार केला नाही. "जरा थांबा, परिस्थिती सुधारू दे" या सल्ल्याची किंमत त्या घराने मोजली होती. म्हणूनच ऑस्टिन लेडी रसेलला खलनायिका करत नाही आणि ॲनला माफीही मागायला लावत नाही. शेवटच्या भागात ॲन वेंटवर्थला तोंडावर सांगते की सल्ला चुकीचा असला तरी तो मानण्यात माझं चुकलं नाही, आणि असा सल्ला मी स्वतः मात्र कुणाला देणार नाही. हे वाक्य मी चाळिशीत वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे गेले नाही.

आता वर्षांचा हिशेब, जो बहुतेक वाचकांकडून मांडायचा राहतो. आठ वर्षांचं ओझं आपण सगळं ॲनच्या डोक्यावर ठेवतो. पण तेविसाव्या प्रकरणात वेंटवर्थ स्वतःहून एक कबुली देतो. 1808 मध्ये तो काही हजार पौंड गाठीला बांधून इंग्लंडला परतला होता, 'लॅकोनिया'वर कॅप्टन म्हणून नेमला गेला होता. शत्रूचं जहाज पकडलं की त्याच्या विक्रीतून प्राइझ मनी मिळे आणि त्यातला मोठा हिस्सा कॅप्टनचा, त्यामुळे नशीब तेव्हाच फिरू लागलं होतं. त्या वेळी पत्र लिहिलं असतं तर तू उत्तर दिलं असतंस का, असं तो विचारतो. ती काय म्हणते ते इथे सांगत नाही, पण तुम्ही ओळखलं असेल. मग का लिहिलं नाही? अहंकारापायी. एकदा नकार मिळाला, पुन्हा विचारायचं नाही. आठांतली पहिली दोन वर्षं पैशाची, सल्ल्याची, तिची. उरलेली सहा त्याच्या मानीपणाची, आणि ही गोष्ट त्याला एकतिसाव्या वर्षी उमगते. माझ्या मते कादंबरीचं काळीज इथे आहे. गरिबीने जे दोन वर्षं अडवलं असतं, ते पैसा आल्यावरही सहा वर्षं अडूनच राहिलं.

पुस्तकाच्या नावाकडेही आपल्या भाषेतून बघावं. पर्सुएशन म्हणजे मन वळवणं. मराठीत मन वळवता येतं आणि मन वळतंही, आपोआप, कुणी न वळवता. वेंटवर्थला न वळणारं मन हवं असतं. हिवाळ्याच्या तोंडावर फिरायला गेलेले असताना तो लुईझा मस्ग्रोव्हला झाडावरचं हेझलनट दाखवून घट्टपणाची थोरवी सांगतो, आणि कुंपणाआडून ॲन ते ऐकते. दोन प्रकरणांनंतर लाइमच्या समुद्रात घुसलेल्या कॉब नावाच्या दगडी धक्क्यावर हीच लुईझा, वेंटवर्थ नको म्हणत असताना, पायऱ्यांवरून उडी घेते आणि बेशुद्ध पडते. जमलेली मंडळी हबकतात, वेंटवर्थ भिंतीला टेकतो. डोकं ठिकाणावर असतं ते एकट्या ॲनचं. डॉक्टरला कुणी बोलवायचं, कुणाला धरायचं, सगळं ती सांगते. त्या घटकेपासून त्याला हट्ट आणि धीर यांतला फरक दिसू लागतो.

त्याच्या आधीची दोन छोटी चित्रं चुकवू नका. ॲन आजारी भाच्यापाशी गुडघे टेकून बसलीय, दोन वर्षांचा धाकटा तिच्या पाठीला लोंबकळतोय, सुटत नाही. अचानक कुणीतरी त्याला उचलून घेतं. वेंटवर्थ. एक शब्द बोलत नाही. दुसरं, लांब चालून ती दमलेली असताना तो तिला आपल्या बहिणीच्या गाडीत हात देऊन चढवतो. राग अजून आहे, पण तिचे कष्ट त्याला बघवत नाहीत. आठ वर्षांनी पहिल्यांदा कुणीतरी ॲनचं ओझं उतरवलंय. घरात सगळ्यांना ती हवी असते, पोरं सांभाळायला, पियानो वाजवायला, रुसलेल्या बहिणीची समजूत काढायला. ती दमली का हे कुणी विचारत नाही. एकत्र कुटुंबातल्या लग्न न झालेल्या आत्या आपण पाहिल्यात, त्यामुळे हे आपल्याला वेगळं समजवावं लागू नये.

बाथ शहरात घडणारा भाग थोडा सैल आहे, हे मान्य. वारसदार मिस्टर एलियटचं कारस्थान मला आजही फारसं पटत नाही. पण तिथली मिसेस स्मिथ नीट वाचा. ॲनची शाळेतली मैत्रीण, विधवा, संधिवाताच्या तापाने पाय गेलेले, वेस्टगेट बिल्डिंग्जमध्ये दोन खोल्यांत राहते. वडील वरच्या कॅम्डन प्लेसला भाड्याच्या घरात थाट मांडून बसलेत आणि अशा वस्तीत जाण्याबद्दल मुलीला टाकून बोलतात. ॲन एका व्हायकाउंटेसचं आमंत्रण सोडून तिच्याकडे जाते. एकोणिसाव्या वर्षी वळलेलं मन सत्ताविसाव्या वर्षी कुणाच्याही बोलण्याने हलत नाही, हे तिथे दिसतं. मिसेस स्मिथच्या नवऱ्याची वेस्ट इंडीजमधली मालमत्ता कर्जापायी अडकलीय आणि ती सोडवायला कुणी हलत नाही. लग्नानंतर वेंटवर्थ ते काम अंगावर घेतो. वेस्ट इंडीजची मालमत्ता म्हणजे त्या काळी गुलामांच्या श्रमांवरचे मळे, आणि कादंबरी त्याबद्दल गप्प आहे. आपण वाचताना ते मनात ठेवावं, असं मला वाटतं.

शेवटी वेंटवर्थकडे पंचवीस हजार पौंड आहेत. पाच टक्क्यांनी गुंतवले तर वर्षाला साडेबाराशे, म्हणजे सर वॉल्टरही आता नाक मुरडत नाहीत. पण ऑस्टिन त्या पैशाला सुखाची हमी मानत नाही. गोष्ट 1815 च्या सुरुवातीला संपते, नेपोलियन एल्बा बेटावर असताना. पुढच्या युद्धाची धास्ती ॲनच्या सुखावर सावलीसारखी आहे, असं शेवटच्या परिच्छेदात आहे. पहिल्या वाचकांना माहीत होतं की मार्चमध्ये तो निसटून परतला आणि जूनमध्ये वॉटर्लू झालं.

तर वाचायचं कसं? सुरुवातीपासून पुन्हा नको. चौथं प्रकरण घ्या, त्यात 1806 ची सगळी हकीकत आहे, ती आता वेगळी वाटेल. मग सातवं, जिथे ॲन इतकी बदललीय की ओळखूच आली नसती, असं वेंटवर्थ म्हणाल्याचं तिच्या कानावर येतं. तिथून सलग. बाविसावं आणि तेविसावं एका बैठकीत, घरातली कामं उरकल्यावर.

आणि संपल्यावर एक काम करा. ऑस्टिनने जुलै 1816 मध्ये शेवट एकदा लिहून पूर्ण केला होता. त्यात ॲडमिरल क्रॉफ्टच्या, म्हणजे मिसेस क्रॉफ्टच्या नवऱ्याच्या, घरी दोघांची गाठ पडते, गैरसमज फिटतो, झालं. तिला तो आवडला नाही. तब्येत बिघडत चाललेली, भाऊ हेन्रीची बँक त्याच वर्षी बुडालेली, तरी ती पुन्हा बसली आणि व्हाइट हार्ट खाणावळीतला प्रसंग लिहिला. ॲन वेंटवर्थचा मित्र कॅप्टन हार्विलशी बोलतेय की आशा संपल्यावरही बायका प्रेम करत राहतात. पुस्तकांचे दाखले देऊ नका, लेखणी पुरुषांच्याच हातात होती, असं ती म्हणते. पाठमोरा वेंटवर्थ टेबलाशी बसून ते ऐकतोय आणि दुसरा कागद ओढून तिला पत्र लिहितोय. रद्द केलेल्या प्रकरणांचं तिच्या हातचं हस्तलिखित उरलंय, ब्रिटिश लायब्ररीत आहे, आणि बऱ्याच आवृत्त्यांत ते परिशिष्ट म्हणून छापतात. दोन्ही शेवट लागोपाठ वाचा. पहिल्यात ॲन जवळजवळ गप्प आहे.