पंपाची बारीक तारांची केबल किती अँपिअर पेलते, आणि तिची टोकं कशी जोडायची?

गुहागरच्या वाडीत दीड एचपीचा सिंगल फेज पंप, साठ मीटर अडीच एमएमची (म्हणजे तांब्याचा छेद अडीच चौरस मिमी) लवचिक केबल, आणि वर्षात दोनदा स्टार्टरमधली टोकं जळली. बारीक तारांमुळे केबल कमी करंट पेलते का, असं तुम्ही विचारलंत. नाही. तांबं तेवढंच असेल तर तारा बारीक असोत की जाड, फरक पडत नाही. मर्यादा आवरणाची: साध्या पीव्हीसीला ७० अंश सेल्सिअस.

मात्र केबल खरोखर अडीचची आहे ना, ते बघा. एक तार मायक्रोमीटरने ०.३ मिमी भरली आणि अशा ३६ निघाल्या, तर अडीच. आवरण जाड नि आत तांबं कमी, अशी केबल मी स्वतः सोलून पाहिली आहे.

तुमचा पंप साधारण १० अँपिअर घेईल. केबल किती करंट पेलते त्या तक्त्यातला आकडा ४० अंशांसाठी असेल आणि केबल तापलेल्या पत्र्याखालून, ५० अंशांत जात असेल, तर त्याला ०.८२ ने गुणा. उरलेली केबल वेटोळं करून टांगली असेल तर आधी सोडवा, आतली उष्णता बाहेर पडत नाही. तरीही अडीचची केबल १० अँपिअरला पुरते. पण जाऊन-येऊन १२० मीटर तारेत साडेनऊ व्होल्ट पडतात, चार एमएममध्ये सहा. पंप सुरू होताना करंट पाच-सहा पट होतो, म्हणून मी चारचीच टाकेन.

जळतंय ते टोकाशी. नुसत्या बारीक तारांवर स्क्रू आवळला की त्या पसरतात, थोड्याच दाबाखाली राहतात. भोकात मावत नाहीत म्हणून आठ-दहा तारा छाटणारे वायरमन मी पाहिलेत. कृपा करून तसं करू देऊ नका, ३६ मधल्या ९ गेल्या की पाव तांबं गेलं. डागही (सोल्डरिंग) मारू नका: कथील दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रू ढिला होतो, ढिला जोड तापतो.

मेन बंद करा. खाऱ्या हवेने तारा आवरणाच्या आतपर्यंत काळ्या पडलेल्या असतात. लख्ख तांबं दिसेपर्यंत मागे कापा. मग कथलाचा मुलामा असलेली, केबलच्या मापाची पिन थिंबल (तारांवर चढवायचं धातूचं टोक) क्रिंपिंग टूलने दाबा, पक्कडीने नव्हे. मोटरच्या बोल्टला गोल थिंबल. जोराने ओढून बघा, सुटली तर पुन्हा करा. केबल स्टार्टरच्या पेटीत खालून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी तिच्यावरून थेट स्टार्टरमध्ये उतरतं. आठवड्याने मेन बंद करून सगळे स्क्रू एकदा परत आवळून बघा.