आपल्या पायांनी गेली, तरीही तस्करी?

प्रश्न : माझी मैत्रीण घरकामासाठी परदेशी गेली. एजंटाने दाखवलेल्या करारावर तिनेच सही केली होती. तिथे पोचताच मालकांनी तिचा पासपोर्ट कपाटात कुलूपबंद केला, दुसऱ्याच कागदावर सही घेतली आणि प्रवासखर्च फिटेपर्यंत पगार मिळणार नाही, असे सांगितले. नातेवाईक म्हणतात, ‘ती आपल्या पायांनी गेली, तिला कोणी पळवून नेलेले नाही.’ याला मानवी तस्करी म्हणता येईल का?

उत्तर : होय, आपण लिहिले आहे त्यावरून तशी दाट शंका येते. संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो करारातील व्याख्येनुसार, एखाद्या व्यक्तीला बळजबरीने, फसवून किंवा तिच्या अगतिकतेचा फायदा घेऊन शोषणासाठी भरती केले, नेले अथवा ठेवून घेतले, तर ती तस्करी ठरते. आणि असे मार्ग वापरलेले असतील, तर तिने दिलेल्या संमतीला काही अर्थ उरत नाही. मुलगी १८ वर्षांखालील असेल, तर फसवणूक किंवा बळजबरी सिद्ध करण्याचीही गरज नसते, शोषणाचा हेतू पुरेसा असतो. आपल्या मैत्रिणीने सही केली ती पहिल्या कागदावरच्या कामासाठी. हा फरक नातेवाइकांना जरूर समजावून सांगावा.

घरकामात हे प्रकार दडून राहतात, कारण कामाची जागा म्हणजे दुसऱ्याचे घर. त्यातच व्हिसा एकाच मालकाशी जोडलेला असला, तर घर सोडताच ती बेकायदा ठरते, आणि पोलिसांकडे जायचे तर आपल्यालाच अटक होईल या भीतीने ती गप्प बसते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०११ सालच्या १८९ क्रमांकाच्या कराराने घरकामगाराला स्वतःचा पासपोर्ट स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क दिला आहे. मात्र ज्या देशांनी त्याला मान्यता दिली, त्यांच्यावरच तो बंधनकारक आहे.

अशा घटना ऐकल्या, की बायकांना बाहेर पाठवूच नये, असा सूर निघतो. मला तो अजिबात पटत नाही. बंदीने गरज मिटत नाही. सरळ वाट बंद झाली, की बाई त्याच एजंटाच्या हाती, पण चोरवाटेने जाते. स्त्रियांवरील असे भेदभावाचे निर्बंध उठवावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या स्त्री-भेदभाव निर्मूलन समितीनेही २००८ साली सांगितले आहे.

तिचा फोन तिच्याजवळ असेल, तर मूळ कराराची प्रत, पासपोर्ट काढून घेतल्याची तारीख आणि थकलेल्या पगाराचा हिशेब यांची नोंद आपण इकडे ठेवावी, आणि तिच्या देशाच्या तेथील दूतावासाशी संपर्क साधावा. मात्र मालकाला परस्पर फोन करू नये. पहिला राग तिच्यावरच निघेल. ‘तू गेलीसच कशाला?’ असे नातेवाइकांपैकी कोणीही तिला विचारू नये, नाहीतर पुढच्या वेळी ती ‘मी बरी आहे’ एवढेच सांगेल.