आईच्या दुखण्याला पित्त समजले, ते मनातून जात नाही

प्रश्न : तीन वर्षांपूर्वी एका रात्री आईच्या छातीत जळजळत होतं. जेवण जड झालं असेल म्हणून मी तिला पित्ताची गोळी दिली. पहाटे ती हृदयविकाराने गेली. सगळे म्हणतात, विसरून जा. पण अंथरुणाला पाठ टेकली की ‘मीच मारलं तिला’ असं वाटतं. काय करू?
— एक वाचक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, विसरायचा प्रयत्न सोडून द्या. दाबलेला विचार उलट जास्त वेळा येतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनिएल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात दिसलं आहे.

त्या रात्री तुम्हाला जे ठाऊक होतं आणि पहाटेनंतर जे कळलं, ते तुमच्या मनात एक झालं आहे. शेवट कळला की तो आधीच दिसायला हवा होता असं वाटू लागतं. हृदयविकाराचा झटका, विशेषतः बायकांमध्ये, जळजळ, मळमळ, धाप, पाठदुखी अशा रूपातही येतो. डॉक्टरही ईसीजी आणि ट्रोपोनिनची (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची) रक्ततपासणी करूनच निदान पक्कं करतात.

वहीचं पान उभं दुमडा. डावीकडे फक्त त्या रात्रीचं लिहा: आई काय म्हणाली, काय जेवली होती, पूर्वी असं कधी झालं होतं का, तुम्ही काय केलंत. उजवीकडे नंतर कळलेलं. ‘मला समजायला हवं होतं’ हे वाक्य हटकून डावीकडे उतरतं. ते खोडून उजवीकडे घ्या. सगळी मेख तिथेच आहे. रोज १५ ते २० मिनिटं, सलग चार दिवस. झोपण्यापूर्वी नको, संध्याकाळी लिहा. लिहिल्यावर काही वेळ जड वाटेल, रडू येईल. ते अपेक्षितच आहे.

पाचव्या दिवशी डावी बाजू वाचा आणि हेच सख्ख्या बहिणीकडून घडलं असतं तर तिला काय लिहिलं असतं, ते स्वतःला नावाने हाक मारून लिहा. इथे बहुतेकांचं एक चुकतं. ‘तुझी काहीच चूक नाही’ असं लिहितात आणि मन ते मानत नाही. खरं तेवढंच लिहा: ‘तिला आराम पडावा म्हणून तू गोळी दिलीस. आजारी माणसाची सेवा करणाऱ्या कितीतरी जणांना नंतर असंच वाटतं.’

स्वतःशी मायेने बोलताना सुरुवातीला दुःख वाढतंही, कारण आजवर रोखून धरलेलं मोकळं होतं. मग तिथेच थांबा. तळपाय जमिनीला टेकवा, चार अंक मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. पाच मिनिटं पुरतात. रात्री आठवण आली तर वाद घालू नका. छातीवर हात ठेवून ‘आई गेल्याचं दुखतंय’ एवढंच म्हणा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसा.

प्रसंग आत्ताच घडतोय असं वाटत असेल, ती खोली टाळली जात असेल किंवा दुःखामुळे रोजची कामं अडत असतील, तर हे लेखन एकटीने करू नका; मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटलं तर वाट न पाहता घरच्यांना सांगा आणि १४४१६ या ‘टेली मानस’च्या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.